समोच्च रेषा, प्रमाण आणि टिंबं : शाळेतलं नकाशाकाम पट्टी हातात घेऊन

‘समुद्रसपाटीपासून समान उंची असलेली ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा’ हे वाक्य सातवीपासून मुलांच्या तोंडी असतं. त्याच मुलांपुढे खरा नकाशा ठेवून ‘ही दरी आहे की सोंड (डोंगरातून पुढे आलेला लांबट भाग)?’ असं विचारलं की अंदाजपंचे सुरू होतं. व्याख्या बरोबरच आहे. पण भूगोलातल्या बऱ्याच संज्ञा ही मुळात मोजमापं आहेत. प्रमाण, उतार, घनता, सममूल्य रेषा (सारख्या मूल्याची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) ही सगळी त्याच घरातली. मोजमाप पाठ करून येत नाही, करूनच येतं. म्हणून ही पोस्ट फक्त नकाशाकामाची आहे.

सामान थोडंच लागतं. मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली पट्टी, टोक केलेली पेन्सिल, शिवणाचा दोरा, आलेख कागद आणि सरळ कडेच्या दोन कोऱ्या कागदी पट्ट्या. आणि एक खरा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे छोट्या प्रदेशातले चढउतार, ओढे, रस्ते, वस्ती तपशिलाने दाखवणारा. पुस्तकातल्या समोच्च रेषांच्या आकृत्या इतक्या गुळगुळीत असतात की त्यांच्यावर शिकलेलं मूल खऱ्या सह्याद्रीच्या नकाशासमोर गांगरून जातं. माझं स्पष्ट मत आहे की आठवीपासून प्रत्येक वर्गात एक तरी खरा नकाशा भिंतीवर हवा, आणि तो शाळेच्या आसपासच्या परिसराचा हवा.

नकाशाचा क्रमांक

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ची, मुख्यालय डेहराडूनला. या विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे शाळेच्या कामाला उत्तम. असा एक नकाशा १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांश एवढा प्रदेश दाखवतो (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पुणे शहराच्या नकाशाचा जुन्या पद्धतीचा क्रमांक ४७ एफ/१४. तो असा उलगडतो : ४७ हा ४ अंश बाय ४ अंशांचा मोठा चौकोन, १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व. त्याचे एकेक अंशाचे १६ भाग, ए ते पी. प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ भाग, १ ते १६.

गोची क्रमात आहे. अक्षरं आणि आकडे दोन्ही वरून खाली जातात, मग उजवीकडच्या रकान्यात पुन्हा वरून खाली. आपल्याला डावीकडून उजवीकडे वाचायची सवय, त्यामुळे इथे हमखास घोटाळा होतो. कळसूबाईचं उदाहरण घ्या. शिखर साधारण १९°३६′ उत्तर, ७३°४२′ पूर्व. ७३ ते ७४ हा दुसरा रकाना, १९ ते २० ही सर्वांत वरची ओळ, म्हणजे ई. आता ई चौकोनात ३० ते ४५ मिनिटं रेखांशाचा तिसरा रकाना, त्यात आकडे ९ ते १२. वरून पहिली ओळ १९°४५′ ते २०°, दुसरी १९°३०′ ते १९°४५′. म्हणून ४७ ई/१०. हेच अक्षर डावीकडून उजवीकडे मोजलं तर ई ऐवजी बी येतं, आणि कळसूबाई शोधणारा अलिबागच्या किनाऱ्यावर पोचतो.

विभागाच्या नव्या खुल्या मालिकेत क्रमांकांची पद्धत वेगळी आहे. ते नकाशे विभागाच्या पोर्टलवरून पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. नकाशा कोणताही घ्या, समासात छापलेलं सर्वेक्षणाचं वर्ष आधी वाचा. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशावर नंतर बांधलेलं धरण दिसणार नाही. आज जिथे जलाशय आहे तिथे नकाशावर गाव आणि शेतं असतील, आणि तो नकाशा त्याच्या वर्षापुरता अचूकच असतो.

आयसीएसईच्या दहावीला राजस्थान-गुजरात सीमेवरचे नकाशे असतात, जुन्या पद्धतीच्या क्रमांकाने ४५ डी/७ आणि ४५ डी/१०. तिथली मुलं सहा अंकी स्थाननिर्देशनही शिकतात, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांवरून ठिकाण सांगणं. एकच नियम : आधी पूर्वेकडे सरकायचं, मग उत्तरेकडे. उलटं लिहिलं की उत्तर पार दुसऱ्याच चौकटीत जातं.

प्रमाण, आणि छापताना होणारा घात

१:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंमी जमिनीवर ५०,००० सेंमी, म्हणजे ५०० मीटर. २ सेंमीला १ किमी. शब्दांत सांगितलं तर शब्दप्रमाण, अंकांत अंकप्रमाण, रेघ आखून भाग पाडले तर रेषाप्रमाण. तिन्ही एकच गोष्ट सांगतात असं शिकवलं जातं, आणि मूळ नकाशावर ते खरंही आहे. फरक पडतो तो झेरॉक्स काढल्यावर.

ए-३ आकाराचा नकाशा ए-४ कागदावर आणला की लांबी सुमारे ७१ टक्के उरते. कागदावर छापलेलं ‘१:५०,०००’ तसंच राहतं, पण खरं प्रमाण आता साधारण १:७०,७०० झालेलं असतं. २ सेंमीची चौकट १.४ सेंमीची होते. अशा प्रतीवर पट्टी लावून काढलेलं प्रत्येक अंतर चुकतं, आणि मूल बिचारं आपली वजाबाकी तपासत बसतं. रेषाप्रमाण मात्र नकाशासोबतच आकसतं, म्हणून ते बरोबर राहतं. पीडीएफ छापताना प्रिंटर ‘फिट टू पेज’वर असला तरी हेच होतं. मोजायला बसण्याआधी रेषाप्रमाणावरचा १ किमीचा भाग पट्टीने मोजा. तो २ सेंमी भरला नाही, तर त्या कागदापुरतं नवं प्रमाण काढून वर लिहून ठेवा. प्रश्नपत्रिकेतल्या नकाशालाही हे लागू आहे, कारण तोही कधी कधी लहान करून छापलेला असतो.

बृहत्प्रमाण आणि लघुप्रमाण यांतला गोंधळ भागाकाराने सुटतो. १ भागिले ५,००० ही संख्या १ भागिले ५०,००,००० पेक्षा मोठी, म्हणून गावाचा नकाशा बृहत्प्रमाण आणि जगाचा लघुप्रमाण. प्रदेश किती मोठा याच्याशी त्या ‘बृहत्’चा संबंध नाही.

क्षेत्रफळात एक चूक सतत दिसते. १ सेंमी म्हणजे अर्धा किमी, म्हणून १ चौरस सेंमी म्हणजे अर्धा चौरस किमी असं लिहिलं जातं. खरं उत्तर पाव चौरस किमी, कारण अर्धा गुणिले अर्धा. तलावाचं क्षेत्रफळ काढताना त्यावर आलेख कागदाची पारदर्शक प्रत ठेवा, पूर्ण चौकोन मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेले पूर्ण धरा, कमी भरलेले सोडून द्या.

नदीची लांबी दोऱ्याने मोजतात, पण दोरा ताणला जातो. त्यापेक्षा कागदाची पट्टी बरी. नदीचा सरळ तुकडा असेल तिथपर्यंत कड लावायची, वळणावर पेन्सिलचं टोक टेकवून कागद फिरवायचा, पुढचा तुकडा. शेवटी सगळी लांबी एका कडेवर एकाच ओळीत मिळते.

समोच्च रेषा वाचताना

रंग आधी ओळखा. तपकिरी समोच्च रेषा, हिरवी वनस्पती, पिवळी शेती, लाल रस्ते आणि वस्ती. निळी रेघ म्हणजे वाहतं पाणी. हंगामी ओढे मात्र काळ्या रेघेने दाखवतात, आणि देशावरच्या नकाशात अशा काळ्या रेघा भरपूर असतात. काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर हा सगळा भेद मरतो. तपकिरी, निळी आणि काळी रेघ सारखीच दिसायला लागते. अशा वेळी मूळ नकाशा बघून सगळे ओढे-नाले निळ्या पेन्सिलने गिरवून घ्यावेत. या पाच मिनिटांत पुढची अर्धी लढाई जिंकली जाते, कारण ओढा दिसला की दरी सापडतेच.

१:५०,०००च्या नकाशावर दोन लगतच्या समोच्च रेषांमधला उंचीचा फरक सहसा २० मीटर असतो आणि दर पाचवी रेषा ठळक असते, म्हणजे ठळक ते ठळक १०० मीटर. तरी समासात तपासून घ्या. हा फरक उभा आहे आणि तो नकाशाभर बदलत नाही. बदलतं ते रेषांमधलं कागदावरचं आडवं अंतर. मुलं या दोहोंची सरमिसळ करतात आणि ‘रेषा जवळ आहेत म्हणून उंचीतला फरक कमी’ असं लिहून मोकळी होतात. उंचीतला फरक तितकाच असतो, तो कमी जागेत उरकलेला असतो, म्हणून उतार तीव्र.

दरी आणि सोंड. दोन्हीकडे रेषा इंग्रजी व्ही किंवा यू सारख्या वळतात. रेषांवरचे आकडे वाचा. वळणाचं टोक जास्त उंचीकडे असेल, म्हणजे ६००ची रेषा ७००च्या दिशेने आत घुसली असेल, तर ती दरी. टोक कमी उंचीकडे असेल, ७००ची रेषा ६००च्या दिशेने बाहेर आली असेल, तर ती डोंगराची सोंड. एरवी फक्त आकार बघून उत्तर देणारा निम्म्या वेळा चुकणारच. आकडा लांब असेल तर ठळक रेषेवर बोट ठेवून तो सापडेपर्यंत रेषेमागे जा.

दोन उंच भागांच्या मध्ये रेषा चिंचोळ्या होऊन आमनेसामने येतात आणि मधे सखल जागा राहते, ती खिंड. जुन्या वाटा तिथूनच जातात, म्हणून तुटक रेघेची पाऊलवाट सापडली तर तिच्यामागे गेल्यावर खिंड बहुधा मिळते.

सर्वांत आतली बंद रेषा ८६० मीटरची आहे, तर टेकडीची उंची किती? ‘८६०’ हे उत्तर चूक आहे. माथा ८६०च्या वर आहे आणि ८८०च्या खाली, कारण ८८०ला पोचला असता तर आणखी एक रेषा आली असती. टिंबाशेजारी ८७३ असा उंचीचा आकडा छापला असेल तरच नेमकी उंची सांगता येते. यातूनच दुसरी गोष्ट कळते. १५ मीटर उंचीचं टेकाड ८६२ पासून ८७७ पर्यंत उठलं, तर २० मीटर फरकाच्या नकाशावर ते दिसणारच नाही. क्षेत्रभेटीला गेल्यावर ‘नकाशात नाही आणि इथे टेकडी आहे’ असं मुलं म्हणतात, त्याचं कारण बरेचदा हे असतं. १:२५,०००च्या नकाशात हा फरक १० मीटर असेल तर तेच टेकाड एक रेषा घेऊन हजर होतं.

आता उतार. ठळक ते ठळक १०० मीटर. कागदावरचं अंतर ४ मिमी असेल, तर जमिनीवर २०० मीटर, उतार १००:२०० म्हणजे १:२, सुमारे २७ अंश. तेच अंतर २ सेंमी असेल तर जमिनीवर १,००० मीटर, उतार १:१०, सहा अंशांच्या आत. अंतर रेषांना काटकोनात मोजायचं. तिरकं मोजलं की उतार आहे त्याहून सौम्य निघतो.

तिरकं जाण्याचा उपयोग मात्र घाटातले रस्ते आणि रेल्वे करतात. कर्जत आणि लोणावळ्यादरम्यानच्या बोरघाटात रेल्वेचा कमाल चढ १:३७ आहे, म्हणजे २० मीटर चढायला ७४० मीटर जायचं. १:५०,०००च्या नकाशावर हे जवळपास १५ मिमी. जिथे डोंगराच्या तोंडावर समोच्च रेषा एकमेकींना चिकटून आहेत, तिथे रेल्वेची रेघ एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जायला दीड सेंटीमीटर धावते, म्हणून ती रेषांना जवळपास समांतर सरकत राहते आणि मधल्या सोंडा बोगद्यांनी भेदते. एवढं करूनही कर्जतला मागे जादा इंजिनं लावावी लागतात. उताराचं गुणोत्तर शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रेषा वर दाट आणि खाली विरळ असतील तर उतार अंतर्वक्र, वर विरळ आणि खाली दाट असतील तर बहिर्वक्र. परीक्षेत एवढंच लिहून भागतं. पण बहिर्वक्र उताराच्या माथ्यावरून पायथा दिसत नाही, मधला फुगवटा आड येतो. अंतर्वक्र उतारावरून तो दिसतो. टेहळणीचे बुरूज कुठे बांधले असतील हे नकाशावर ओळखायचा प्रयत्न करा, या दोन शब्दांचा अर्थ पक्का होतो.

सह्याद्रीच्या नकाशात पश्चिमेकडे रेषांचा गठ्ठा असतो, कोकणात उतरणारा कडा तो. पूर्वेकडे रेषा सैल होत जातात. आणखी बारकाईने पाहिलं तर एकाच डोंगरावर रेषा दाट, मग विरळ, मग पुन्हा दाट असं दिसतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांतले कठीण थर कड्यासारखे उभे राहिले आणि मऊ थर झिजून मागे सरले. त्यामुळे डोंगराला पायऱ्या पडल्या. गडांच्या भाषेत याच पायरीवरची सपाटी म्हणजे बरेचदा माची. राजगडाचा नकाशा घेऊन बसा. मधोमध बालेकिल्ल्याची दाट बंद वलयं, आणि तीन दिशांना लांबट जिभांसारख्या निघालेल्या रेषा म्हणजे पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. पुस्तकातली ‘सोंड’ कशी दिसते हे दाखवायला ट्रेकला जाणाऱ्या मुलांसाठी हा नकाशा फारच उपयोगी.

समोच्च रेषा एकमेकींना छेदत नाहीत, हा नियमही तिथेच तपासता येतो. उभ्या कड्यावर त्या एकत्र आल्यासारख्या दिसतात, नकाशाकार तिथे कड्याचं चिन्ह देतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा कडा आत वळलेला असेल, म्हणजे वरचा भाग खालच्या भागाच्या पुढे आलेला असेल, तर कमी उंचीची रेषा खरोखर जास्त उंचीच्या रेषेखालून मागे जाते. नियमाला अपवाद का आहे हे असा कडा पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

छेद काढणं

छेद म्हणजे जमीन एका रेघेवर उभी कापली तर बाजूने दिसेल ती चढउतारांची आकृती. इथे सर्वाधिक गुण जातात, म्हणून सावकाश. नकाशावर अ आणि ब बिंदू घेऊन सरळ रेघ आखा. समजा ती १० सेंमी आहे, म्हणजे ५ किमी. कागदी पट्टीची कड त्या रेघेवर लावा आणि जिथे जिथे समोच्च रेषा कडेला भेटते तिथे बारीक खूण करून लगेच आकडा लिहा. आकडे नंतर लिहीन म्हणणाऱ्याची पट्टी हलते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ओढा, रस्ता, रेल्वे कुठे ओलांडली तेही नोंदवा.

सर्वांत कमी रेषा ५६० आणि सर्वांत जास्त ९२० असेल, तर आलेख कागदावर उभा अक्ष ५०० ते १,००० घ्या. उभं प्रमाण १ सेंमी = १०० मीटर धरलं तर आकृती ५ सेंमी उंच होते. आडवं प्रमाण १:५०,०००, उभं १:१०,०००, म्हणजे उंची पाचपट वाढवलेली. ५०,००० भागिले १०,०००, झालं. ही वाढ छेदाखाली लिहायलाच हवी, नाहीतर वाचणारा फसतो : पाचपट वाढीत १:५ चा म्हणजे ११ अंशांचा साधा उतार ४५ अंशांचा दिसतो. उभं प्रमाण १ सेंमी = २० मीटर घेतलं तर वाढ पंचवीसपट, आकृती २५ सेंमी उंच आणि प्रत्येक टेकाड सुळका. वाढ अजिबात केली नाही तर ३६० मीटरचा चढ ७ मिमीत मावतो आणि डोंगर दिसतच नाही. डोंगराळ भागात चार ते पाचपट पुरते. पठारी भागात थोडी जास्त घ्यावी लागते.

पट्टी आडव्या अक्षावर ठेवून खुणा उतरवा, प्रत्येकीवर तिच्या उंचीला बिंदू द्या आणि हाताने जोडा. पट्टीने जोडू नका, डोंगराला कोपरे नसतात. दोन ९२० लागोपाठ आले तर मधे माथा आहे की खळगा हे शेजारच्या आकड्यांवरून ठरवा. बाहेरच्या बाजूंना ९०० असेल तर माथा, मग वक्र ९२०च्या थोडा वर न्या पण ९४०ला भिडवू नका. दोन ५६० मधे ओढ्याची खूण असेल तर वक्र ५६०च्या किंचित खाली. या दोन जागी सपाट आडवी रेघ ओढली की छेद कृत्रिम दिसतो, आणि तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

इतर सममूल्य रेषा

समताप, समदाब, समपर्जन्य रेषा काढायची रीत समोच्च रेषेसारखीच. ६२० आणि ६८० मूल्याची दोन ठिकाणं ६ सेंमीवर असतील, तर ६४० त्यांच्यामधे २ सेंमीवर आणि ६६० चार सेंमीवर. यात आपण बदल एकसारखा आहे असं धरून चालतो.

घाटात ते गृहीतक कोसळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पूर्वेला वाईला हजारच्याही आत. मधली नोंद नसेल तर समपर्जन्य रेषा समान अंतरावर काढल्या जातील. पण वाटेतल्या पाचगणीचा पाऊस दोन हजारांच्या आसपासच भरतो, सरळ हिशेबाने यायला हवा त्याहून बराच कमी. म्हणजे रेषांचा गठ्ठा माथ्यालगतच हवा, पुढे पर्जन्यछायेत त्या विरळ. नकाशावर किती केंद्रांच्या नोंदी वापरल्या हे पाहिल्याशिवाय गुळगुळीत रेषांवर विश्वास ठेवू नये.

क्षेत्रघनी आणि टिंब

नववीला वितरणाच्या नकाशांच्या तीन पद्धती येतात. सममूल्य वर झालीच. क्षेत्रघनी पद्धतीत जिल्हानिहाय छटा भरतात, आणि इथे वर्ग ठरवताना सगळं बिघडतं.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता दर चौ.किमी ३६५. सर्वांत कमी गडचिरोली ७४, सर्वांत जास्त मुंबई उपनगर २०,९८०. पाच समान वर्ग पाडले तर एक वर्ग सुमारे ४,१८० रुंद होतो. पहिला वर्ग ७४ ते ४,२५५. मुंबईच्या दोन जिल्ह्यांखालोखाल ठाणे होतं, १,१५७. म्हणजे तेव्हाच्या ३५ पैकी ३३ जिल्हे पहिल्याच वर्गात, मुंबईचे दोन पाचव्यात आणि मधले तीन वर्ग रिकामे. गणित बरोबर, नकाशा निरुपयोगी. त्यापेक्षा सगळ्या घनता चढत्या क्रमाने लिहा आणि आकड्यांत जिथे नैसर्गिक खंड दिसतो तिथे तोडा. २०० पेक्षा कमी, २०० ते २९९, ३०० ते ४९९, ५०० ते १,१९९, १,२०० आणि अधिक. आता गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर, रत्नागिरी एका छटेत येतात, पुणे आणि कोल्हापूर वेगळे उठून दिसतात. ‘२०० ते ३००, ३०० ते ५००’ असं लिहू नका, बरोबर ३०० घनतेचा जिल्हा कुठे टाकायचा?

छटा नेहमी गुणोत्तराच्या आकड्यांना द्यायच्या, एकूण संख्येला नाही. अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख, मुंबई शहर जिल्ह्याची सुमारे ३१ लाख. एकूण संख्येने रंगवलं तर अहिल्यानगर मुंबईपेक्षा गडद होईल. घनता मात्र २६६ आणि १९,६५२.

एकूण संख्येसाठी टिंब पद्धत. टिंबाचं मूल्य ठरवण्याआधी दोन्ही टोकं तपासा. १ टिंब = १ लाख धरलं तर गडचिरोलीला ११ टिंबं, मुंबई उपनगरला ९४. आता राज्याचा नकाशा १:५०,००,००० प्रमाणाचा असेल तर १ चौ. सेंमी म्हणजे २,५०० चौ. किमी. उपनगराचे ४४६ चौ. किमी कागदावर सुमारे १८ चौ. मिमी, म्हणजे साधारण ४ मिमी बाय साडेचार मिमी. १ मिमी व्यासाची ९४ टिंबं तिथे मावत नाहीत, काळा डाग होतो. मूल्य १० लाख केलं तर डाग जातो, पण गडचिरोलीला एकच टिंब उरतं आणि वितरण म्हणून काहीच दिसत नाही. यावर व्यवहारातला उपाय म्हणजे ग्रामीण भागासाठी टिंबं आणि मोठ्या शहरांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळं, दोन्हींची सूची वेगळी.

गडचिरोलीची ११ टिंबं जिल्हाभर सारख्या अंतरावर पेरणं ही दुसरी नेहमीची चूक. जिल्ह्याचा मोठा भाग जंगलाचा आहे, वस्ती वैनगंगेच्या बाजूला, देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी या पट्ट्यात जास्त. म्हणून टिंबं देण्याआधी जंगल, जलाशय आणि तीव्र उतार फिकट पेन्सिलने रेखून घ्या. जलाशय पूर्ण मोकळा ठेवा, जंगलात आणि उतारावर अगदी मोजकी टिंबं द्या, बाकीची नदीखोऱ्यात आणि तालुक्याच्या गावांभोवती. तालुकानिहाय आकडे मिळाले तर अंदाज करायची गरज आणखी कमी होते. सगळी टिंबं एकाच आकाराची यायला हवीत. त्यासाठी पेन्सिल न वापरता एकाच स्केचपेनचं टोक उभं टेकवून उचला, फिरवू नका. शेवटी फिकट रेघा खोडा, सूचीत ‘१ टिंब = १ लाख लोक’ लिहा आणि शीर्षकात जनगणनेचं वर्ष घाला.